पाठीमागचा ढीग

मशीन आलं ते मंगळवारी, आणि आल्या आल्या त्यानं फाटकाचा खांब पाडला. ट्रकवाला म्हणाला फाटक अरुंद आहे, मालक म्हणाले तुला ट्रक नीट घेता येत नाही. आम्ही बायका कांद्यांच्या ढिगाशी बसून तमाशा बघत होतो.

"बघा गं, पाहुणा उंबऱ्याच्या आत यायच्या आधीच घर मोडायला लागला," रेडिओ म्हणाली. रेडिओ म्हणजे आमच्या टोळीतलीच एक बाई. सकाळी तिचं तोंड उघडलं की संध्याकाळी घरी गेल्यावरच बंद. तिच्या नवऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, घरीही चालूच असतं.

आम्ही तेराजणी होतो. काम कांदा निवडायचं. शेतांतून ट्रॅक्टर भरभरून कांदा मालकांच्या चाळीवर यायचा. चाळ म्हणजे जाळीच्या भिंतींची लांबलचक शेड, खालून-वरून वारा खेळता राहील अशी. आत रचलेला कांदा चार-पाच महिने टिकला पाहिजे, भाव आला की काढायचा. सगळा धंदा त्या टिकण्यावर. एक नासका आत गेला तर तो एकटा मरत नाही, शेजारचे चार घेऊन मरतो.

टोळीची मुकादम माझी सासू. सव्वीस वर्षं ती त्या ढिगाशी बसली. उजव्या अंगठ्याचं टोक कांद्याच्या माना दाबून दाबून चपटं झालेलं. बोलायला कमी, पण बोलली की समोरच्याला पाणी मागावं लागे. मी तिला आई म्हणते, आणि बाराजणींत तिनं सगळ्यात जास्त बोलणी कुणाला लावली असतील तर मलाच. घरची म्हणून.

आणि त्या मशीनवर माणूस म्हणून मालकांनी कुणाला घ्यावं? माझ्या नवऱ्याला! तो मालकांचाच टेम्पो चालवायचा. आठ दिवस शहरात शिकायला पाठवला, तो परत आला निळा शर्ट घालून. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून त्याला पहिले दोन दिवस भिंतीला टेकता येईना. म्हणजे एकाच घरात आईचं काम जाणार आणि लेकाला लागणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं कुणाच्या नावानं?

मशीनबरोबर कंपनीची एक मॅडम आली होती. कोवळी पोर, टोपी घातलेली, पण गुर्मी नव्हती. तिनं आम्हाला गोळा करून सांगितलं, "मावशी, याला अजून काहीच कळत नाही. तुम्ही जसं नेहमी निवडता तसंच निवडायचं. चांगला या पट्ट्यावर, टाकाऊ त्या पट्ट्यावर. वरचा कॅमेरा फोटो काढत राहील. आठ दिवसांत ते तुमच्यासारखं निवडायला शिकेल."

"आणि मग आम्ही?" रेडिओनं विचारलं.

मॅडमनं मालकांकडे बघितलं. मालकांनी खिशातून मोबाईल काढून त्यात बघितलं. "चौघी लागतील," ते म्हणाले. "पट्ट्यावर माल ओतायला. बाकीच्यांचं बघू काहीतरी."

बघू म्हणजे काय ते आम्हाला कळतं. ढिगाभोवती सगळ्यांनी आईकडे बघितलं. रेडिओनंसुद्धा. मला वाटलं आई उठेल, काही बोलेल. तिनं पदर खोचला आणि पहिला कांदा उचलला.

"सांगितलंय ना, निवडा," ती म्हणाली. "नीट निवडा. शिकवायचं तर धड शिकवायचं."

मला त्या दिवशी तिचा असा राग आला! स्वतःच्या हातानं स्वतःचा खड्डा खणायचा, आणि तोही म्हणे सरळ रेषेत.

आठ दिवस आम्ही निवडलं. आमची पद्धत जुनीच. मांडी घालून बसायचं, दोन्ही हात चालू, डोळे कुठेही. कांदा हातात फिरतो, अंगठा मानेवर जातो, आणि माणसाला कळायच्या आत तो कांदा जागेवर पडलेला असतो. चांगला उजवीकडे, टाकाऊ डावीकडे, आणि घरचा पाठीमागे.

हा घरचा कांदा म्हणजे काय, तर दिसायला एकदम राजबिंडा. साल टंच, रंग लखलखीत. फक्त अंगठ्याखाली मान केसभर दबते. आज भाजीत घातला तर चवीला एक नंबर. पण चाळीत घातला तर पंधरा दिवसांत आतून काळा. क्रेटमागे दोन-तीन असे निघतात. मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून ते बायकांचे. न बघता पाठीमागे टाकायचे आणि संध्याकाळी फडक्यात बांधून न्यायचे. घरी पुरून उरत, शेजारीपाजारीही जात. आमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून मी कधी विकतचा कांदा पाहिला नव्हता.

शेवटच्या दिवशी मॅडमनं ती गाठोडी पाहिली. "हे काय, मावशी?"

"घरी न्यायचे आहेत," आई म्हणाली. "मालक देतात."

"बरंय की!" मॅडम हसली आणि आपल्या लॅपटॉपात शिरली. मालकांनी मान हलवली. माझा नवरा तिथंच उभा होता, लहानपणापासून तेच कांदे खाऊन वाढलेला. त्यालाही काही वाटलं नाही. आणि आम्हा तेराजणींपैकी एकीलाही नाही.

नवव्या दिवशी मशीन चाललं. खरं सांगते, बघत राहावं असं चाललं. कांदे पट्ट्यावरून घरंगळत जायचे आणि टाकाऊ कांद्याला बाजूनं वाऱ्याची फुंकर बसली की तो टुणकन खाली. आमचं दिवसभराचं काम दुपारच्या आत उरकलं. आजूबाजूचे चार व्यापारी बघायला आले होते, त्यांनी तोंडात बोटं घातली.

चौघींची नावं आईनंच दिली. घरात कमावतं दुसरं कुणी नाही अशा चौघी. त्यात तिचं नाव नव्हतं, माझं नव्हतं, रेडिओचंही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही नऊजणी मिळेल तिथं खुरपायला जाऊ लागलो. रोज वेगळं शेत, रोज वेगळा मुकादम. सव्वीस वर्षं मुकादमी केलेली बाई, तिला एक मिसरूड फुटलेला पोरगा बांधावरून ओरडला, "ए म्हातारे, तण ठेवतेस मागे!" तण ठेवलेलं नव्हतं. मी खुरपं टाकून उभी राहिले, तर आईनं माझा पदर ओढून खाली बसवलं.

संध्याकाळी जेवायला बसलं की घरात रोजचा वाद. नवरा म्हणायचा, "आई, तू जात्यावर दळतेस का अजून? गिरणी आली तेव्हा गावातल्या बायका रडल्या होत्या का?"

"गिरणीनं माझा हात सोडवला," आई म्हणायची. "हे मशीन माझा हात तोडतं. फरक आहे."

"धंदा आहे तो. मालकांनी नाही घेतलं तर शेजारचा घेईल. त्याचा माल स्वस्त पडेल, मग चाळच बंद. मग चौघीही नाहीत आणि मीही नाही."

"खरंय तुझं."

"खरंय तर मग तोंड का पाडून बसतेस?"

"खरं असलं की गोड लागतं असं कुणी सांगितलं तुला? भाकरी घे."

माझं मत कुणी विचारत नव्हतं, तरी मी दिलं. म्हटलं, मशीन वाईट नाही, पण शिकवणाऱ्याला घरी बसवून शिकणाऱ्याला गादीवर बसवायचं ही कुठली रीत? नवरा म्हणाला, तू मालकांपुढे बोल. म्हटलं, बोलेन, तुमचा निळा शर्ट धुऊन झाला की बोलते.

तिसऱ्या आठवड्यात नवरा एकदा घरी आला तो दारातच चपला काढत रेंगाळला. आई चुलीशी होती. तिनं मान वर केली नाही.

"चाळीत वास सुटलाय," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या शर्टानं."

तो भिंतीला टेकून खाली बसला. इस्त्री गेली खड्ड्यात. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या दोन कप्प्यांत कांदा नासायला लागला होता. मालकांनी मॅडमला फोन केला, तिनं तिकडूनच सगळं तपासलं आणि सांगितलं, मशीन शिकवल्याप्रमाणे बरोबर चाललंय, एक टक्काही चूक नाही. म्हणजे मग माणसाची चूक. यानंच ओला माल घेतला असेल, यानंच पंखे बंद ठेवले असतील. मालकांनी चौघी बायकांसमोर त्याला विचारलं होतं, "टेम्पो चालवणाऱ्याला मशीनवर बसवलं हेच माझं चुकलं का रे?" रविवारपर्यंत कारण सापडलं नाही तर त्यानं येऊ नये.

"आई, शपथ घेऊन सांगतो, मी पंखे बंद नव्हते ठेवले." एवढा बाप्या माणूस, डोळ्यांत पाणी. मला त्याची चेष्टा करवेना.

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "जेव."

तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी करायला घेतली आणि मी टोपलीत हात घातला, तर तळाशी नुसती सालं. फोडणी करपायला आलेली. मी तणतणले, "झालं! संपले कांदे. आता काय कांदेसुद्धा विकत आणायचे या घरात? जन्मात कधी आणले नाहीत!"

आई दाराशी खुरपं घासत होती. तिचा हात थांबला.

"काय म्हणालीस?"

मला वाटलं मी आगाऊपणा केला. "म्हटलं, कांदे संपले. तीन आठवडे झाले, घरचे कांदे कुठे येतात आता?"

"हां," ती म्हणाली. "कुठे जातात मग ते?"

मी तिच्याकडे बघत राहिले, ती माझ्याकडे. आणि मग मला एकदम लख्ख दिसलं. आठ दिवस आम्ही त्या मशीनला उजवा ढीग दाखवला, डावा ढीग दाखवला. पाठीमागचा दाखवलाच नाही! कॅमेरा होता पुढच्या दोन पट्ट्यांवर. त्या बिचाऱ्याला वाटलं, जगात दोनच तऱ्हेचे कांदे असतात. दिसायला राजबिंडा तो चांगला, आणि चालला चाळीत. रोज शेकडो.

फोडणी जळाली. कुणाला पर्वा होती!

नळावर रेडिओ भेटली. मला राहवलं नाही, सांगून टाकलं. नळावर रेडिओला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. अर्ध्या तासात टोळीतल्या बायका आमच्या अंगणात.

"नासू दे," रेडिओ म्हणाली. "बाई, तुम्ही तोंड उघडायचं नाही. नासला माल की मशीन जाईल आणि आपल्याला बोलवायला मालक पायी येतील."

"आणि माझा लेक?"

रेडिओ आईच्या जवळ सरकली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाई, पण सांगितलंत तर ते मशीन हेही शिकेल. मग त्या चौघीही घरी. तुमचा एक वाचवायला तेराजणी बुडवणार का?"

ती वाईट बोलली नव्हती. खरं तेच बोलली होती, आणि म्हणून सगळ्यांच्या माना खाली. आई उखळाच्या दगडावर बसली होती. तिनं अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला, जसा दुखरा दात जिभेनं चाचपावा तसा ती तो चोळत राहिली.

"मशीन तसंच शिकलं, जसं आपण शिकवलं," ती म्हणाली. "चूक आपली आहे. लेकाची नाही, मशीनचीही नाही. ती मी झाकणार नाही. पण फुकटही सांगणार नाही. तेराजणी चला. रडायचं नाही, भांडायचं नाही. आणि गं रेडिओ, मी बोलेपर्यंत तुझं बटण बंद."

आम्ही फाटकातून आत गेलो तेव्हा पाडलेला खांब अजून तसाच होता. चाळीजवळ गेल्यावर वास नाकात बसला. गोडसर, कुबट, ओल्या फडक्यासारखा. मालक कप्प्याशी उभे होते, नाकाला रुमाल. माझा नवरा घोट्यापर्यंत नासाडीत उभा राहून फावड्यानं सडका कांदा ओढत होता. निळा शर्ट ओळखू येत नव्हता.

"मावशी, आज काम नाही," मालक म्हणाले.

"कामाला नाही आले. तुमच्या मशीननं निवडलेला एक क्रेट द्या. आजचा, ताजा."

मालकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खूण केली. नवऱ्यानं क्रेट आणून ठेवला. आई मांडी घालून बसली, डोळे मिटले, आणि हात चालू झाले. दुसऱ्या एका क्रेटात कांदे पडू लागले, टप टप टप, मध्येच एक पाठीमागे. क्रेट संपला तेव्हा पाठीमागे तीन होते.

"कापा," ती म्हणाली.

मालकांनी एक हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "याला काय झालंय? एक नंबर माल आहे."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, मालक? कापा."

त्यांनी कापला. मानेपासून खाली, मधल्या पापुद्र्यात, तपकिरी रेघ उतरलेली. दुसरा कापला, तीच रेघ. तिसरा त्यांनी कापलाच नाही. हातात धरून उभे राहिले.

मग आईनं सगळं सांगितलं. तीन ढीग, पाठीमागचा ढीग, गाठोडी. "शिकवणारी मी होते. मला सुचलं नाही. याची काही चूक नाही," तिनं लेकाकडे बोटसुद्धा न करता सांगितलं.

मालकांचा चेहरा लाल झाला. "तेव्हाच का नाही बोललात? दोन कप्पे गेले माझे! सव्वीस वर्षं मुकादमी केलीत आणि एवढं कळलं नाही?" ते बरंच बोलले. सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात. आई खाली बसलेली, ते वर उभे. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. माझ्या मुठी वळल्या होत्या, रेडिओनं तर पदर तोंडात कोंबला होता.

मालक थांबल्यावर ती म्हणाली, "बरोबर आहे. चुकलं. तुम्हालाही माहीत होतं, तुमच्या वडिलांनीच घालून दिलेली रीत. तुम्हालाही सुचलं नाही. आता पुढचं बोलू."

मॅडमला फोन लागला. मालकांनी आवाज मोठा ठेवला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मावशी, मी ती गाठोडी बघितली होती हो," ती म्हणाली. "मीच विचारायला हवं होतं." मग मालकांना म्हणाली, "सर, फोटोत हे पकडता येणार नाही. साल सारखीच दिसते. दाबून बघणारं यंत्र वेगळं असतं, ते आमच्याकडे अजून तयार नाही. पुढच्या हंगामात सांगता येईल."

"म्हणजे हा हंगाम अंगठ्यावर," आई म्हणाली. ती अजून खालीच बसली होती. "मशीन राहू द्या. उघडा टाकाऊ माल ते आमच्यापेक्षा लवकर काढतं. पण त्याच्या पुढं पट्ट्यावर आम्ही तेराजणी बसणार. आणि चाळीतला सगळा माल बाहेर काढून पुन्हा निवडायचा, आजपासून. रोजानं, क्रेटवर नाही."

"आठजणी," मालक म्हणाले.

"तेरा."

"मावशी, मशीनचा खर्च काढायचाय मला. दहा."

"मालक, कांदा नासतोय. आपण बोलतोय तेवढ्यात चार नासले. तेरा." आणि माझ्याकडे मान करून म्हणाली, "आणि हिला मशीन चालवायला शिकवायचं. पुढच्या हंगामात दाबणारं यंत्र आलं, तर त्याला शिकवायला आमच्यातलं कुणीतरी बटणाशी असलं पाहिजे. पाठीमागं काय पडतं ते बघणारं."

हे मला तिनं आधी सांगितलंच नव्हतं. नवरा फावड्यावर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होता, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू दिसलं. हसतोय काय मेला!

मालकांनी चाळीकडे बघितलं, वास घेतला, आणि हो म्हणाले. पण जाता जाता व्यापाऱ्यासारखंच वागले. "एक ऐका. तो तिसरा माल आता वेगळ्या क्रेटात जाईल. रोजच्या रोज बाजारात. हॉटेलवाले घेतात. घरी न्यायचं बंद."

आईनं ऐकलं. पदर खोचला.

दिवसभर आम्ही चाळीतला माल उपसला. नासक्या कांद्याचं पाणी कोपरापर्यंत, डोळे सुजलेले, कंबरेचे टाके उसवलेले. रेडिओचं बटण मात्र सुरू झालं होतं आणि त्या आवाजावरच आमचा दिवस निघाला. नवऱ्यानं मला पट्टा चालू करायचं आणि थांबवायचं दाखवलं. मी दोनदा चुकले, त्यानं एकदाही चेष्टा केली नाही. अंगात आलं असावं काहीतरी.

संध्याकाळी सुट्टी झाली. तिसरा क्रेट काठोकाठ भरलेला. आई उठली, गुडघ्यांवर हात ठेवून सरळ झाली, क्रेटपाशी गेली आणि एक कांदा उचलला. एकच. फडक्यात नाही बांधला, पदरात नाही लपवला. उघड्या तळहातावर ठेवला, हात पुढं धरला आणि फाटकाकडे चालू लागली. मी दुसरा उचलला. माझ्यामागे रेडिओनं. मग सगळ्यांनी.

मालक फाटकातच उभे होते. "मावशी, काय ठरलं होतं?"

"ठरवलं तुम्ही होतं, मालक," आई म्हणाली. "मी नुसतं ऐकलं होतं."

ती थांबलीही नाही. मालक तिच्या तळहातावरच्या कांद्याकडे बघत राहिले, मग माझ्या, मग रेडिओच्या. तेरा बायका, तेरा हात. सगळ्यांच्या मागून माझा नवरा आला, तोच तो घाणेरडा निळा शर्ट, आणि त्याच्याही हातावर एक कांदा. मालक पाडलेल्या खांबापासून बाजूला झाले.

घरी आल्यावर बघते तर टोपलीत विकतचे कांदे. सकाळच्या गडबडीत शेजारणीच्या हाती मीच मागवले होते, ते तिनं आणून टाकलेले. मी त्यातला एक घ्यायला गेले तर आईनं माझा हात धरला.

"तो राहील," ती म्हणाली आणि हातातला पुढं केला. "हा आज चिर. हा आजचाच आहे."